मदत हवी आहे: वाचनालयात 'आधी पुस्तक, मग सिनेमा' करायचंय, जोड्या सुचवा

वाळवणकर:
नमस्कार मंडळी.

तालुक्याच्या गावातलं आमचं सार्वजनिक वाचनालय 'ब' वर्गातलं आहे. गेल्या वर्षी मला 'तरुण रक्त' म्हणून कार्यकारिणीत ओढलं (वय 46, गुडघे कुरकुरतात). एका सभासदाने मुलाच्या लग्नाप्रीत्यर्थ प्रोजेक्टर दिलाय. तो आठ महिने खोक्यातच आहे, आणि खोक्यावर दिवाळी अंकांचा गठ्ठा.

माझ्या डोक्यात असं आहे की महिनाभर सगळ्यांनी एक मराठी पुस्तक वाचायचं आणि शेवटच्या शनिवारी वरच्या हॉलमध्ये त्यावरचा सिनेमा बघायचा. नंतर चहा आणि भांडण. येणारी मंडळी पंधरा-अठरा, बहुतेक साठीच्या पुढची. चार-पाच बायका, दोन निवृत्त मास्तर, एक माजी सरपंच.

अडचण पुस्तकांची आहे. कपाटात प्रत्येकाची एकच प्रत. परवा 'बनगरवाडी' काढली तर तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का 2011चा, आणि मधली चार पानं उंदराने वाचलेली. नवीन प्रती घ्यायला पैसे नाहीत. एका प्रतीत अठरा माणसं महिन्याभरात कशी वाचणार?

तर, लहान पुस्तकं हवीत, कुठल्याही वाचनालयात सापडतील अशी, आणि त्यांवर बरा सिनेमा झालेला हवा. एका प्रतीवरही काही युक्ती असेल तर सांगा. सिनेमे मी माझ्या ओटीटीवरून लावीन म्हणतो.

चाफ्याखाली:
बनगरवाडी सोडू नका. उंदराची चार पानं झेरॉक्स करून चिकटवा. पुस्तक दोन बैठकांत संपतं. औंध संस्थानातला पोरसवदा मास्तर मेंढपाळांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. मास्तरांपैकी एकाला मोठ्याने वाचायला लावा, रोज संध्याकाळी अर्धा तास, वर्तमानपत्रांच्या टेबलाशीच. माडगूळकरांचं गद्य कानाने ऐकण्याचंच आहे. कारभारी बोलायला लागला की तुमचे माजी सरपंच आपोआप गप्प होतील. सिनेमा 1995चा, पालेकरांचा.

रिकामा पंचा:
'सिंहासन' (1979) घ्या! त्याच्या मुळाशी अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या आहेत, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. म्हणजे एकाच सिनेमासाठी दोन प्रती मिळाल्या. अर्ध्यांना एक द्या, अर्ध्यांना दुसरी. सिनेमा संपल्यावर 'आमच्यातला हा माणूस तुमच्यात कुठे आहे' यावरून तासभर भांडण होईल. आमच्याकडे झालंय. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, पत्रकार दिगू निळू फुले. कृष्णधवल आहे हे आधी सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी उठून प्रोजेक्टरची वायर हलवतो.

सौ. खमंग:
बायकांचं पण बघा की. 'उंबरठा' (1982) शांता निसळांच्या 'बेघर'वर आहे. स्मिता पाटील सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते, घर मागे ठेवून. मात्र पुस्तक आमच्या वाचनालयात नोंदवहीत होतं आणि कपाटात नव्हतं, तेव्हा आधी शोधा, मग जाहीर करा.
'जैत रे जैत' चालेल, गोनीदांची कादंबरी लहान आहे. ठाकरवाडीतला नाग्या, लिंगोबाचा डोंगर आणि राणीमाशी. गाणी महानोरांची. हॉलमध्ये आवाज नीट असेल तरच लावा, ढोल फाटका वाजला तर सगळं गेलं.

कलम बहाद्दर:
वाळवणकर, एक खडा टाकतो, राग मानू नका. घरच्या ओटीटीवरून हॉलमध्ये सिनेमा लावता येत नाही. वर्गणी वैयक्तिक वापराची असते, ते त्यांच्या अटींतच लिहिलेलं असतं. तिकीट नसलं म्हणून फरक पडत नाही. नव्या सिनेमांसाठी हक्क ज्याच्याकडे असतील त्याला वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र टाका.
पण जुन्यांना ही कटकट नाही. आपल्याकडे सिनेमाचे हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं असतात. अत्र्यांचा 'श्यामची आई' 1953चा, म्हणजे 2013 अखेर मोकळा. पुस्तकही मोकळं, कारण साने गुरुजी 1950 मध्ये गेले आणि लेखकाच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं 2010 अखेर संपली. म्हणून तर ते इतक्या प्रकाशकांकडून स्वस्तात मिळतं. निम्म्या घरांत आधीच असणार. तुमचा एका प्रतीचा प्रश्नच मिटला.

वाळवणकर:
@कलम बहाद्दर, बरं झालं बोललात. मी तर पोस्टर करायला टाकणार होतो, खाली ओटीटीच्या नावासकट.
पण 'श्यामची आई' म्हटलं की मंडळी नाक मुरडतील. 'शाळेत वाचलंय' म्हणतील.

चाफ्याखाली:
शाळेत धडा वाचलेला असतो हो. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. चिठ्ठ्या टाका, प्रत्येकाला दोन-तीन रात्री. ज्याने त्याने आपापल्या रात्री वाचून इतरांना सांगायच्या. सत्तरीच्या माणसाने आईच्या आजारपणाची रात्र वाचणं आणि सहावीतल्या पोराने वाचणं यात फरक पडतो. आमच्या भिशीतल्या बायकांनी केलं होतं. शेवटच्या रात्री ज्यांच्या वाट्याला आल्या त्या वाचूच शकल्या नाहीत, दुसरीनेच वाचलं.

रिकामा पंचा:
आणि 'संत तुकाराम' विसरलात काय? प्रभातचा, 1936चा, विष्णुपंत पागनीसांचा. कलम बहाद्दरांच्या हिशेबाने हाही मोकळा. गाथा तर अठराच्या अठरा घरांत निघेल. एक गंमत करा. आधी सिनेमा दाखवा आणि मग गाथेत 'आधी बीज एकले' शोधायला सांगा. सापडणार नाही! ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं. लोक अजून तुकोबांचं समजून कीर्तनात म्हणतात. हे आधी फोडू नका, आठवडाभर शोधू देत.

सौ. खमंग:
हे भारी आहे. आमच्या सासऱ्यांनी तर पैज लावली असती.

वाळवणकर:
सगळ्यांचे आभार. आज ग्रंथपालबाईंशी बोललो. नोव्हेंबर ते जानेवारी नको म्हणाल्या, दिवाळी अंक योजना चालू असते आणि तेव्हा कादंबरीला कोणी हात लावत नाही. म्हणून फेब्रुवारीपासून. पहिला 'संत तुकाराम', मग 'श्यामची आई'. बनगरवाडीचं वाचन मात्र याच सोमवारपासून टेबलाशी, सिनेमाची परवानगी आली तर बघू. वाचणार थोरले मास्तर. त्यांनी एकच अट घातलीय, वर्तमानपत्रं तेवढा वेळ घडी घालून ठेवायची.

आता माजी सरपंच विचारताहेत की 'सिंहासन'ला परवानगीचं पत्र नेमकं कोणाला लिहायचं. कोणी असं पत्र लिहिलं असेल तर मजकूर इथे टाका, म्हणजे मी तसाच उतरवून काढतो.