मदत हवी आहे: पॅकिंगवाल्यांचा उत्साह टिकवायचा कसा?

इंदूरला सांवेर रोडवर आमचं छोटं नमकीन पॅकिंग युनिट आहे, १४ जण, बहुतेक जुनेच. दर पेटीमागे इन्सेन्टिव्ह सुरू केला तर पहिले पंधरा दिवस माल धडाधड निघाला, मग सीलिंग कच्चं राहू लागलं, पाकीट दाबलं की कडेनं हवा सुटते, आणि आकडा पुन्हा होता तिथंच. पगार वेळेवर होतो, ओव्हरटाइम वेगळा देतो. कामाच्या प्रेरणेवर अभ्यास करणाऱ्या हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्येच मांडलंय की पगारानं नाराजी कमी होते पण कामाची ओढ कौतुकातून, जबाबदारीतून येते, ते आता पटतंय. म्हणून एका ताईंकडे सीलिंग तपासायचं काम दिलं, त्या फार मन लावून करतायत पण बाकीचे रुसलेत. दिवाळीपर्यंत पगारवाढ जमणार नाही. ही जबाबदारी आळीपाळीनं द्यावी का, आणि किती दिवसांनी बदलावी?