पुस्तक वाचताना सिनेमाशी ताडून पाहावं का?

पानखूण:
'शाळा'चा सिनेमा मी २०१२ साली पाहिला, मिलिंद बोकीलांची कादंबरी मात्र आत्ता हातात घेतली. दर दोन पानांनी अडखळतेय. नायिकेचं, शिरोडकरचं, नाव आलं की सिनेमात ती झालेल्या केतकी माटेगावकरचाच चेहरा! बोकीलांनी ती कशी रंगवलीय ते वाचायच्या आतच ती दिसून जाते. परवा 'हा प्रसंग सिनेमात होता का' हे आठवता आठवता चार पानं नुसती डोळ्यांखालून गेली, पुन्हा मागे जावं लागलं. माझं मत पक्कं झालंय: वाचताना तुलना नको. आधी पुस्तक संपवावं, मग काय ते ताडून पाहावं.

दुपारचा वाचक:
अजिबात पटलं नाही. अख्खी कादंबरी नववीतला मुकुंद जोशी सांगतो. त्याच्या मनातलं कॅमेऱ्याला कसं दिसणार? मी वाचताना समासात पेन्सिलीने खुणा करत गेलो, सिनेमात आठवतं तिथे टिंब, नाही तिथे रेघ. रेघा कुठे पडल्या? जिथे घडत काहीच नाही, पोरगा आपल्याच विचारात आहे, तिथे. तीच पानं मला सगळ्यात जास्त आवडली. खुणा केल्या नसत्या तर ती मी भरभर उलटली असती.

सायली०७:
मीही तुलनेच्या बाजूने. 'श्यामची आई' मी अत्र्यांच्या १९५३च्या सिनेमामुळे वाचलं. सिनेमात आई समोर चालते-बोलते, आपण तिच्याबरोबर असतो. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मंडळींना रात्रीमागून रात्री आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून तो हट्ट धरतो आणि आई ओचे पसरते, तो प्रसंग घ्या. सांगणाऱ्याची आई आता नाही, हे वाचताना सतत जाणवत राहतं. लाडाचा प्रसंग, पण घशात आवंढा येतो. सिनेमा मनात होता म्हणूनच हा फरक मला कळला.

कोरी वही:
आणि 'सिंहासन'चं काय कराल? जब्बार पटेलांचा १९७९चा सिनेमा अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्यांवर बेतलाय, पटकथा तेंडुलकरांची. कुठल्या पुस्तकाचं कुठलं पान कशाशी लावणार? काय गाळलं, काय घातलं याचा हिशेब मांडत बसलं की वाचनही हातचं जातं आणि सिनेमाही.

पानखूण:
सायली, तुझं म्हणणं मनाला लागलं. पण तू म्हणतेस तो फरक सांगणाऱ्याच्या आवाजातला आहे, तो पुस्तक मिटल्यावरही कळलाच असता. समासातल्या रेघा मी दुसऱ्या वाचनाला नक्की करून बघेन. माझी अडचण चेहऱ्याची आहे आणि तिच्यावर कुणीच बोललं नाही. काल शिरोडकरच्या वर्णनाच्या ओळी तीनदा वाचल्या, चेहरा काही हलला नाही. ज्यांनी सिनेमाच्या आधी कादंबरी वाचली त्यांनी सांगा ना, तुमची शिरोडकर कशी दिसायची?