तुमचा पॅट्रोनस कोणता, आणि तोच का? (अनुभव धागा)

हॅरी पॉटरच्या शाळेतल्या घरांवरून (ग्रिफिंडॉर वगैरे गटांवरून) आपण पुष्कळ भांडलो, आता जरा पॅट्रोनसकडे, म्हणजे मंत्राने निघणाऱ्या रक्षक प्राण्याकडे वळू. १९९९ साली आलेल्या तिसऱ्या भागात त्याचा शिक्षक ल्युपिन हॅरीला हा मंत्र शिकवतो. आनंदाची आठवण मनात घट्ट धरायची, 'एक्स्पेक्टो पॅट्रोनम' म्हणायचं, आणि जमलं तर कांडीतून रुपेरी प्राणी निघून डिमेंटरना, म्हणजे माणसातला आनंद शोषून घेणाऱ्या जीवांना, पिटाळून लावतो. हॅरीचा शिंगवाला हरिण, हर्मायनीचं पाणमांजर, रॉनचा जॅक रसेल कुत्रा, ल्यूनाचा ससा. याद्या सगळीकडे मिळतात, त्या इथे नकोत. यातलं तुम्हाला काय भिडलं आणि कधी, ते लिहा. स्पॉयलरची ओरड चालणार नाही. शेवटचा भाग येऊन जमाना झाला.

रातराणी
मला प्राण्यापेक्षा आठवणीचा भाग लागला. हॅरी आधी झाडूवर पहिल्यांदा उडाल्याची आठवण काढतो. पुरत नाही. मग हाऊस कप जिंकल्याची काढतो, तीही पुरत नाही. आपण जादूगार आहोत आणि छळणाऱ्या मावशीच्या, डर्स्लींच्या घरातून सुटणार, हे कळलं तो क्षण आठवल्यावर कुठे समोरचा डिमेंटर थोपतो. आणि तोही खरा नाही, सरावासाठी आणलेला बोगार्ट, म्हणजे समोरच्याच्या भीतीचं रूप घेणारा जीव!

डिमेंटर आपल्या स्वतःच्या नैराश्यातून सुचले, असं रोलिंगबाईंनी सांगितलेलं आहे. मला ते नंतर कळलं, पण पुस्तक वाचताना ओळख पटली होती. बंगळुरात नोकरीला असताना माझं तेच चालू होतं. बरी गोळ्यांनी झाले, हे आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी पुस्तकातल्यासारखं चॉकलेट खाऊन बरं व्हायला निघेल. पण समुपदेशक म्हणायच्या, चांगलं काही आठवून बघ. मी आपली मोठमोठ्या गोष्टी काढायचे: कॅम्पस सिलेक्शन, पहिला पगार. आत काही हलायचं नाही.

हलवलं ते मिरजेच्या गच्चीने. मामाकडे आम्ही सगळी भावंडं गच्चीवर झोपलेलो, मध्यरात्री पाऊस आला. मामाने घाईघाईत डबल गादी न गुंडाळताच जिन्यात कोंबली. गादी अडकली, वर आम्ही, खाली मामी, आणि मधे मामा नुसता 'ढकला रे, ढकला' करतोय. मामीला हसून हसून बोलता येईना. आम्ही चिंब भिजलो. या आठवणीत माझं कर्तृत्व शून्य आहे, आणि बहुतेक म्हणूनच ती चालली. पाचव्या भागातसुद्धा गल्लीत डिमेंटर हॅरीच्या गळ्याशी येतो तेव्हा त्याच्या कामी येतात रॉन आणि हर्मायनीचे चेहरे. जिंकलेला कप नाही.

सोलकढी
पॉटरमोर या हॅरी पॉटरच्या अधिकृत वेबसाइटवर २०१६मध्ये पॅट्रोनसची अधिकृत चाचणी आली होती, आठवते का? अंधारं जंगल, भराभर येणारे शब्द, पटकन एक निवडायचा. निकाल एकदाच, बदलून मिळत नव्हता. लोक नवनवीन खाती काढून लांडग्याच्या मागे लागले होते. मला आला सॅल्मन मासा. आम्ही गोव्याचे सारस्वत. आई म्हणाली, 'बरो आसा मगे, तळपाचो काय हुमण करपाचें?' (तळायचा की आमटी करायची?)
प्रतीकशास्त्र संपलं.

पेन्सिल
कॉलेजात माझ्याकडे 'ऑल्वेज' लिहिलेला टीशर्ट होता. हॅरीच्या आईवर, लिलीवर, जन्मभर प्रेम करणाऱ्या स्नेप मास्तरांच्या हरिणीवर आम्ही मैत्रिणी ढसाढसा रडलो होतो. आता तसं रडू येत नाही. हॅरीचा बाप जेम्स हरिणाचं रूप घ्यायचा आणि लिलीचा पॅट्रोनस हरिणी, ही जोडी झाली. दोन वेगळे जीव समोरासमोर उभे आहेत. स्नेपकडे मात्र लिलीची हुबेहूब नक्कल आहे. ती मेल्यावरही तीच, तिच्या मुलाला सहा वर्षं वर्गात छळतानाही तीच. उलट टॉन्क्स नावाच्या तरुणीचा पॅट्रोनस प्रेमात पडल्यावर बदलून लांडगा होतो, आणि ती जाऊन पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या ल्युपिनशीच भांडते, सगळ्यांसमोर, हॉस्पिटलच्या वॉर्डात. मला आता ते प्रेम जास्त पटतं.

मिरचीभजी
@पेन्सिल, त्याच हरिणीने हॅरीला बर्फातल्या तळ्यापर्यंत नेलं म्हणून ग्रिफिंडॉरची तलवार मिळाली, हे विसरू नका. नक्कल असली तरी कामाची निघाली.

चौथा मजला
मुलाला पुस्तकं वाचून दाखवतो. सातव्या भागात जादूच्या मंत्रालयातली अंब्रिज मगलकुळातल्या (आईवडील जादूगार नसलेल्या) लोकांची चौकशी करत बसलेली असते, समोर माणसं डिमेंटरमुळे गारठून रडतायत, आणि हिच्या भोवती तिची रुपेरी मांजर झकास फेऱ्या मारतेय. मुलाने थांबवलं. म्हणाला, 'पण बाबा, ही तर दुष्ट आहे ना? मग हिला कसा जमतो?'

मी पान परत वाचलं. उत्तर तिथेच आहे: ती खरोखरच खूश आहे. हे काम तिला मनापासून आवडतं. मंत्र फक्त आनंद मागतो, तो कशाचा आहे याची चौकशी करत नाही. त्याच सुमारास हर्मायनीला मात्र पाणमांजर काढताना घाम फुटतो. आणि हॅरीच्या कडक पण भल्या शिक्षिका मॅकगोनॅगल बाईंचा पॅट्रोनसही मांजरच, बरं का. प्राण्यावरून स्वभाव सांगणाऱ्या सगळ्या चाचण्या इथेच निकालात निघतात.

घड्याळजी
हे आपल्या देवांच्या वाहनांसारखंच नाही का? गणपतीचा उंदीर, कार्तिकेयाचा मोर…

पेन्सिल
नाही पटत. वाहनावर देव बसतो. पॅट्रोनस तुमच्यातून निघतो आणि काम झालं की विरून जातो.

जुना स्कूटरवाला
तिसऱ्या भागातला तळ्याकाठचा प्रसंग, डिमेंटरांनी घेरलेलं असतानाचा. पलीकडून कुणीतरी हरिण सोडून आपल्याला वाचवलं, ते आपले मेलेले वडील होते, अशी हॅरीची खात्री असते. मग काळ मागे फिरवून तो स्वतः पलीकडे उभा राहतो, वडिलांची वाट बघतो, आणि कुणीच येत नाही. मग मंत्र त्यालाच म्हणावा लागतो.

माझे वडील, अप्पा, गेल्यानंतरची पहिली सोसायटी मीटिंग. पाण्याच्या टँकरचे पैसे वरच्या मजल्यांनी जास्त द्यावेत, असा ठराव चालला होता. असल्या वेळी अप्पा उठायचे. मी दाराकडे बघत बसलो, का ते कळत असूनही. मग मीच उठलो. चष्मा काढून हातात धरला आणि 'एक मिनिट, हिशेब मांडू' म्हणालो. ठराव बारगळला नाही, पुढे ढकलला गेला. खाली उतरताना शेजारचे काका म्हणाले, 'चष्मा काढायची लकब पण तीच रे.' मला ती लकब आहे हेच माहीत नव्हतं.

सोलकढी
हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलचं कुणीच काढलं नाही? डंबलडोर्स आर्मीच्या, म्हणजे मुलांच्या गुप्त सरावाच्या वर्गात चो नावाच्या मुलीचा हंस उडतोय, आणि हा बिचारा घामाघूम होऊन नुसती वाफ काढतोय. आईवडील हॉस्पिटलात, मुलाला ओळखत नाहीत. आणायची कुठून आठवण?

मिरचीभजी
त्याचा सिंह असणार, तलवार त्यानेच काढली शेवटी.

सोलकढी
सिंह फार सोपा झाला. मी आजीच्या टोपीवरच्या गिधाडाला मत देते. त्याला वाढवलं त्या आजीनेच, आणि डिमेंटर त्या गिधाडाला नक्की घाबरतील.