मातीची जहाजं: बांधणीचा पुरावा की कुंभाराची हौस?

दर्यावर्दी:
सायप्रस बेटावर जुन्या थडग्यांत भाजलेल्या मातीची छोटी जहाजं सापडतात. कझाफानी गावातलं एक इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातलं, हातभर लांब. आत मधोमध डोलकाठीची खोबण, काठाला ओळीने भोकं. अशा वस्तू 'मृताच्या सोबतीला ठेवलेलं काहीतरी' म्हणून एका ओळीत उरकल्या जातात, ते मला पटत नाही. ज्याने खोबण केली त्याने जहाज जवळून पाहिलं होतं. बांधणीचा पुरावा म्हणून यांना मान द्यायला हवा.

चाकावरची माती:
कडक असहमती. मी हौसेने मातीकाम करतो, म्हणून हातांच्या बाजूने बोलतो. ओल्या मातीची लांब, पातळ भिंत आपल्याच वजनाने बसते, म्हणून काठ जाड ठेवावा लागतो. पुढे निघालेलं टोक वाळताना तडकतं किंवा कुणाच्या तरी कोपराने मोडतं, म्हणून ते आखूड नि बोजड होतं. वस्तू फळीवर उभी राहावी म्हणून तळ सपाट. आता यातलं जहाजाचं किती आणि मातीचं किती? पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातल्या सायप्रसच्या एका होडीच्या काठावर माणसं नि पक्षी बसवलेत. त्यांच्या उंचीवरून लांबी काढायची म्हटली तर तो तराफासुद्धा ठरणार नाही. भोकांत वल्ह्यांचे दोर होते की नुसती शोभेची सुतळी, तेही माती सांगत नाही.

आणि मुख्य गोष्ट: फळ्या! भूमध्य समुद्रातल्या जहाजांची खरी करामत फळ्यांच्या जोडात आहे. एका फळीच्या कडेला खाच, शेजारच्या फळीलाही खाच, दोन्हींत लाकडी जीभ, वरून खुंटी. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या उलुबुरुनच्या जहाजात (इ.स.पू. १४वं शतक) हे जोड प्रत्यक्ष सापडलेत. मातीच्या होडीत फळीच नाही, मग जोड कुठून दिसणार?

दर्यावर्दी:
उलुबुरुनचंच घ्या. सुमारे १० टन तांबं मिळालं, पण लाकूड किती उरलं? थोडकंच. वाळूत नि मालाखाली दबलं ते टिकलं, उघडं राहिलं ते पाणकिड्यांनी फस्त केलं. सायप्रसच्या किनाऱ्याजवळचं कीरेनियाचं जहाज (इ.स.पू. ४थं शतक) कुशीवर कलंडून बुडालं म्हणून त्याची एक बाजू बरीच वाचली, ते नशीबवान. एरवी कठडे, नाळेचं म्हणजे पुढच्या बाजूचं टोक, सुकाणूची जागा हे सगळं आधी जातं. जोड तुमच्या बुडालेल्या जहाजाकडून घ्या, वरचं अंग माझ्या मातीकडून.

शंकासुर:
वरचं अंग कुठलं घेणार? क्रीटमधल्या पालेकास्त्रोच्या मातीच्या होडीला एक टोक उंच, दुसरं खाली पुढे निघालेलं. नाळ कुठली यावरच तज्ज्ञांत वाद. पुढचं-मागचं ठरेना, नि त्यावरून बांधणी काढायची!

शिवाय सायप्रसच्या वस्तूंचा जन्मदाखला तपासा. १९व्या शतकात सायप्रसमधला अमेरिकेचा वाणिज्यदूत (कॉन्सल) चेस्नोला याने तिथून गाड्याभर माल गोळा करून न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाला विकला. १८८० साली त्याच्यावर वस्तूंची भलतीच डागडुजी केल्याचा जाहीर आरोप झाला. कुठे सापडलं याबद्दलचे त्याचे दावेही डोळे झाकून घेण्यासारखे नाहीत.

दर्यावर्दी:
कझाफानीचं जहाज चेस्नोलाच्या पोतडीतलं नव्हे. एका लबाडापायी सगळ्या थडग्यांना वेठीला धरू नका.

बोरिवलीकर:
आमच्याकडच्या एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजं कोरलेली आहेत. शिलाहारकालीन आरमार म्हटलं की आपण बिनदिक्कत त्यांच्याकडे बोट दाखवतो. मग पाथरवटाला सूट आणि कुंभाराला नाही, हा कुठला न्याय?

चाकावरची माती:
सूट कुणी दिली? तिथे जहाजं होती, वल्ही होती, लढाई झाली, इतकं मान्य. त्या शिळेवरची वल्ही मोजून खलाशांची संख्या सांगणारेही भेटतात, त्यांच्याशीही माझं हेच भांडण आहे. कझाफानीचं म्हणाल तर डोलकाठीची खोबण आहे, म्हणजे शीड होतं. मी तिथे थांबतो. तुम्ही पुढे जाता.

दर्यावर्दी:
जातो, कारण काठाची भोकं तिथेच आहेत. 'शोभेची सुतळी' म्हणायलाही पुरावा लागतो, तो आधी दाखवा.