हॉट योगा: कपाळ गुडघ्याला टेकलं, आता बसायचं हाड दुखतंय

बाणेरवाली
नमस्कार मंडळी. वय ३९, आयटी, दिवसभर खुर्चीत. डिसेंबरपासून आठवड्यातून तीनदा हॉट योगाला जातेय, तोच २६ आसनांचा ठरलेला क्रम, दीड तास, हीटर लावून चाळीस डिग्री. (पहिल्या दिवशी अर्ध्या तासात मॅटवर आडवी झाले होते, ते सोडा.) त्यात पाचवं येतं ते दंडायमान जानुशीर्षासन. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय समोर सरळ, पंजा दोन्ही हातांनी धरायचा, कोपरं खाली घ्यायची आणि शेवटी कपाळ गुडघ्याला. गेल्या महिन्यात टेकलं एकदाचं! आरशात बघून इतकी खूष झाले की बॅलन्सच गेला.

पण दोन आठवडे झाले, डावीकडे, आपण ज्या हाडावर बसतो ना बरोबर तिथे, खोल कुठेतरी दुखतंय. क्लासमध्ये काही नाही, उलट उष्णतेत अंग लोण्यासारखं होतं, मोकळं वाटतं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठ चौकात ॲक्टिव्हावर अडकले की लाटण्याचं टोक खुपसल्यासारखं होतं. आमचे सर सारखं गुडघा लॉक, गुडघा लॉक करतात, मी आपली गुडघा जमेल तेवढा मागे ढकलते. बरोबर करतेय का? बंद करू का चालू ठेवू? घरी बोलायची सोय नाही, सासूबाई आधीपासूनच "पैसे देऊन घाम कसला गाळता" गटात आहेत.

सदाशिव_पेठी
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, एप्रिलात दुपारी दोनला या, चाळीस डिग्री फुकट मिळेल.

घामटलेली
काका, तुमच्या गच्चीवर हवा कोरडी असते, घाम वाळतो तरी. त्या खोलीत दमटपणाही मुद्दाम ठेवलेला असतो, घाम नुसता निथळतो, अंग थंड होत नाही. फरक आहे तो.

बाणेरवाली, सहा वर्षं करतेय हा क्रम, आणि पहिल्या वर्षी सेम हाच उद्योग केलाय म्हणून सविस्तर लिहिते. लॉक म्हणजे गुडघा मागे ढकलणं नाही गं! लॉक म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू इतका आवळायचा की गुडघ्याची वाटी वर ओढली जाते. आत्ता उठ आणि उभी राहून कर, बोट लावून बघ, वाटी सरकते. मागे ढकललास की सगळा भार सांध्याच्या मागच्या बाजूच्या लिगामेंटवर जातो आणि मांडी आयती मोकळी बसते. क्लासमध्ये एकदा साइडच्या आरशासमोर उभी राहा, उभ्या पायाचा गुडघा घोट्याच्या मागे गेलेला दिसला तर तू लॉक नाही, लटकत आहेस. भार पूर्ण तळव्यावर, नुसता टाचेवर नको, आणि बोटांनी मॅट पकडू नकोस.

दुसरं म्हणजे घाई. या आसनाचे चार टप्पे आहेत आणि आपण सगळ्या शेवटच्याचा फोटो डोक्यात ठेवून सुरू करतो. आधी नुसतं एका पायावर उभं राहून, दुसरा गुडघा वाकवून, बोटं एकमेकांत अडकवून पंजा बोटांच्या जरा खालून धरायचा आणि पोट आत. बास. पहिला सेट एक मिनिटाचा असतो ना, ते अख्खं मिनिट उभा गुडघा न लटपटता निघालं तरच वरचा पाय सरळ करायचा. तो सरळ करताना टाच पुढे, बोटं आपल्याकडे. पाय पूर्ण सरळ आणि दोन्ही मांड्या आवळलेल्या असतील तरच कोपरं पोटरीच्या खाली. आणि एवढं सगळं स्थिर असेल तर हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करत कपाळ. मी काय करायचे, उभा पाय डुगडुगतोय तरी पंजा खेचून डोकं आपटायचे गुडघ्यावर! हातांनी ओढून आणलेलं कपाळ धरत नाहीत. आज तिसऱ्या टप्प्याच्या पुढे मी महिन्यातून एखाद वेळेस जाते, तेही लहर लागली तर.

हात घामाने सटकतात, छोटा नॅपकिन ठेव. पंजा अचानक सुटला की पाठीला जो हिसका बसतो तो वाईट.

फिजिओ_कोथरूड
इथे बघून निदान करता येत नाही हे आधीच सांगतो, पण वर्णन ओळखीचं आहे. मांडीच्या मागचे स्नायू, हॅमस्ट्रिंग, ज्या हाडावर तुम्ही बसता त्यालाच चिकटलेले असतात. पाय समोर उचलून वर पुढे वाकलं की ते ताणले तर जातातच, शिवाय तिथला टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, हाडावर दाबला जातो. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक पायाला दोन-दोन सेट, वर दिवसभर खुर्ची. टेंडन कुरकुरणारच.

"उष्णतेत लोण्यासारखं होतं" यातला घोटाळा समजून घ्या. गरमीत स्नायू थोडा जास्त ताणला जातो हे खरं, पण ताण सहन करायची तुमची तयारीही वाढते, म्हणजे जिथे एरवी "आई गं" म्हणून थांबला असतात तिथे थांबत नाही. तुम्हाला क्लासमध्ये दुखत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुखतं, ते बरंचसं यामुळे. त्या खोलीतल्या "मोकळं वाटतं" वर विश्वास ठेवू नका. मी पेशंटना एकच विचारतो, चोवीस तासांनी कसं आहे?

सध्या पुढे वाकायची सगळी आसनं बंद. स्ट्रेचिंग करून दुखणं घालवायचा मोह होईल, तो तर मुळीच नको. त्याऐवजी हलका जोर द्या: पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचला, ३०-४० सेकंद धरा, चार-पाच वेळा. करताना थोडं जाणवलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलं तर कमी करा. आठवड्यात जादू होणार नाही, हे दुखणं महिने घेतं. कळ पायात खाली उतरली, मुंग्या आल्या, पंजा उचलताना बळ कमी वाटलं तर मग प्रश्न कमरेच्या मणक्याचा असू शकतो, सरळ ऑर्थोकडे जा. लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच रात्री हॉस्पिटल.

जुना_साधक
वय ७१. अय्यंगार गुरुजींची १९७५ सालची संस्था आपल्याच शहरात, शिवाजीनगरला, आणि पोरं हीटर लावून घाम काढतायत. असो. आमच्याकडे पुढे वाकण्याआधी पाठ आत घेऊन छाती पुढे काढायला शिकवतात, डोकं सगळ्यात शेवटी. हात पोचत नसतील तर पट्टा. ताई, पाठीवर झोपून पायाच्या तळव्याला पट्टा लावा आणि पाय वर घ्या, सुप्त पादांगुष्ठासन. जमिनीचा आधार असतो, पडायची भीती नाही.

फिजिओ_कोथरूड
काका, एरवी शंभर टक्के मान्य. पण आत्ता दुखतंय तोवर तेही नको, आडवं झोपलं तरी ताण त्याच टेंडनवर येतो. दुखणं बसल्यावर पट्टा जरूर.

जुना_साधक
बरं. पट्टा कपाटात ठेवा मग.

घामटलेली
अजून एक राहिलं. वाकून झालं की झटकन सरळ होऊ नका कुणीच. गरमीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, बीपी खाली आलेलं असतं, त्यात डोकं खालून एकदम वर आणलं की डोळ्यांपुढे अंधारी. आमच्या बॅचमधल्या एक काकू बीपीची गोळी घेऊन यायच्या, कुणाला सांगितलं नव्हतं, आरशावरच जाऊन आदळल्या. बीपी, प्रेग्नन्सी, स्लिप डिस्क असेल तर आधी डॉक्टरला विचारा. आणि त्या खोलीत मळमळलं, थंडी वाजली, घाम यायचा थांबला तर सरांची परवानगी बिरवानगी न मागता बाहेर. पाणी ऐनवेळी घटाघटा नको, दिवसभर पीत राहा, क्लासनंतर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत.

बाणेरवाली
सगळ्यांचे आभार, काका तुमचेही, दोन्ही काकांचे. काल गेले होते. सरांना सांगितलं की महिनाभर पुढे वाकणार नाही, ते जरा नाराज झाले पण हो म्हणाले. पाचव्याला सगळे वाकले आणि मी पाय न उचलता दोन्ही पायांवर उभी राहून नुसती वाटी वर ओढत बसले. साइडच्या आरशात बघितलं तर गुडघा चांगला दोन बोटं घोट्याच्या मागे! म्हणजे डिसेंबरपासून हेच चाललं होतं. पुढे आणला तर मांडी दहा सेकंदात थरथरायला लागली, आणि मी स्वतःला ॲडव्हान्स समजत होते.

फिजिओ सर, ॲक्टिव्हाचं काय करू? ऑफिसला जायला पाऊण तास लागतो.

फिजिओ_कोथरूड
टॉवेलची घडी करून मांडीखाली घ्या, हाडाखाली नको, म्हणजे भार मांडीवर येतो. सिग्नल मोठा असेल तर पाय टेकून बूड जरा उचला. ऑफिसात दर अर्ध्या तासाने उठा, कॉल उभ्याने घ्या.

सदाशिव_पेठी
विद्यापीठ चौकात सिग्नल मोठाच असतो. बूड उचलूनच चालवा.