बाखचा सी मायनर फ्यूग : मधला आवाज हरवतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जर्मन संगीतकार बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर'च्या पहिल्या खंडातला (१७२२) सी मायनर फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ येते अशी रचना) पियानोवर बसवते आहे. तीन आवाज, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन स्वतंत्र धुनी, आणि ३१ बार (मात्रांचे गट). बोटं पोचतात, लयही टिकते. अडचण कानाची आहे.

सातव्या बारला बासमध्ये (सर्वांत खालच्या आवाजात) सब्जेक्ट, म्हणजे फ्यूगची मुख्य धून, येतो. त्याच वेळी उजव्या हाताला दोन आवाज सांभाळायचे असतात : वर सेमीक्वेव्हर्सची (पाव मात्रेच्या स्वरांची) उतरती धाव, खाली क्वेव्हर्समधला (अर्ध्या मात्रेच्या स्वरांचा) मधला आवाज. तो अंगठ्याकडे आला की विझतोच. नवव्या-दहाव्या बारला तर वरचे दोन आवाज सब्जेक्टचा मुखडा आळीपाळीने एकमेकांकडून घेतात, खाली बास धावत असतो. तिथे मला दोघांचं बोलणं ऐकू यायला हवं, येते एकच तुटक धून.

प्रत्येक आवाज सुटा वाजवून झाला, जोड्या लावून झाल्या. मधला आवाज गात बाकीचे दोन वाजवते तेव्हा सगळं स्वच्छ ऐकू येतं. तिन्ही हातात आले की पुन्हा गढूळ. लहानपणापासून पेटी वाजवली आहे, त्यात डावा हात भात्यावरच असायचा. त्यामुळे डाव्या हाताला स्वतःचं गाणं आहे हेच अजून अंगवळणी पडलेलं नाही.

पेटीचा एक फायदा मात्र झाला. सी म्हणजे सा धरून सब्जेक्ट सरगममध्ये म्हटला : सा नि सा प, मग कोमल ध. तिसऱ्या बारला वरच्या आवाजात उत्तर, म्हणजे तोच सब्जेक्ट पंचमावरून, येतं : प, तीव्र म, प, सा. तंतोतंत पंचमावर उचललं असतं तर चौथा स्वर रे आला असता. बाखने तो सा ठेवला आहे आणि त्या एका स्वराने घराशी नातं तुटत नाही. हे कळल्यापासून तो सा किंचित तोलून वाजवावासा वाटतो. हे योग्य आहे, की उगाच अधोरेखन होतं?

सब्जेक्ट येईल तिथे तो ठळक करायचा, असं मला शिकवलं गेलं. मला ते पटत नाही. हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) बोटाच्या दाबाने एक आवाज मोठा करताच येत नाही, तरी तिथे फ्यूग उलगडतो. म्हणजे स्वर कुठे सोडायचा, कुठे धरायचा यातच काहीतरी असणार. ह्या फ्यूगवर बाखने ना वेग लिहिला, ना लहान-मोठा आवाज. एकोणिसाव्या शतकातला पियानोशिक्षक चेर्नी, त्याच्या आवृत्तीतल्या खुणा त्याच्या स्वतःच्या. मग सब्जेक्टमधले क्वेव्हर्स तुम्ही किती सुटे ठेवता? आणि मधल्या आवाजाचे तसेच ठेवता, की जोडून घेता? तिन्ही आवाजांना वेगवेगळा स्पर्श दिला तर मधला आपोआप वेगळा ऐकू येईल असं मला वाटतं, पण एका हातात दोन स्पर्श बसवायचा सराव नेमका कसा करायचा?

शेवटचा प्रश्न २९व्या बारपासूनचा. खाली सा धरलेला, वर सब्जेक्ट शेवटचा येतो आणि मेजर कॉर्डवर सगळं थांबतं. धरलेला स्वर तोवर क्षीण होतो. पेडल घेतलं की वरचं एकमेकांत मिसळतं. तुम्ही तिथे तो सा पुन्हा वाजवता का? माझा पियानो डिजिटल आहे, ८८ वजनदार पट्ट्यांचा. ज्यांनी हा फ्यूग स्वतः बसवला आहे त्यांनी जरूर लिहावं, फिंगरिंगसकट.