हिमाचलातला बर्फ आणि आपला वळीव

हिमाचलात पाऊस-बर्फाचा अंदाज आहे, म्हणजे आपल्या बेळगाव-खानापूरकडेही गारा पडणार का, असं काही जण विचारतात. थेट संबंध नाही. तिकडचा बर्फ भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या कमी दाबाच्या वाऱ्यांच्या प्रणालींमुळे पडतो. आपला वळीव इथलाच: दुपारी जमीन तापते, अरबी समुद्राकडचं बाष्प वर चढतं आणि चारच्या सुमारास ढग उभे राहतात. ढग फार उंच गेले तर थेंब वर गोठून गारा होतात.

खरी काळजी वीटभट्टीवाल्यांची वाटते. थापून वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा एका सरीत चिखल होतो. काजू-आंब्याचा मोहोरही झडतो. आभाळ भरलं की ताडपत्री आधी टाका, आणि गडगडाट ऐकू आला तर झाडाखाली थांबू नका.